श्रीलंकेला जायचंय? महिना सांगा, मग किनारा ठरवू

श्रीलंकेला जायला चांगला महिना कोणता, हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. बेट महाराष्ट्राच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढं, पण त्यावर पाऊस पाडणारे मोसमी वारे दोन, आणि तेही विरुद्ध दिशांनी येणारे. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून, डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येकडून. मधोमध अडीच हजार मीटरपर्यंत चढलेले डोंगर. वारा ज्या अंगाने येतो तिथे रिकामा होतो आणि पलीकडे कोरडा उतरतो. महाबळेश्वर भिजून चिंब असताना खाली वाईला ऊन पडलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं समजावायला नको. फरक इतकाच की आपल्याकडे पर्जन्यछाया कायम पूर्वेला असते, तिथे ती वर्षातून दोनदा बाजू बदलते.

म्हणून आधी सुट्टी कोणत्या महिन्यात आहे ते पक्कं करा आणि त्यावरून किनारा निवडा. उलट्या क्रमाने गेलात, म्हणजे दक्षिण किनाऱ्यावरच्या मिरिस्साचे फोटो पाहून जुलैची तिकिटं काढलीत, की खवळलेला समुद्र आणि लाल बावटे बघत बसावं लागतं.

आकडे गावाचे बघा, देशाचे नको

'श्रीलंकेचा सरासरी पाऊस' हा आकडा सहलीसाठी निरुपयोगी आहे. पश्चिम किनाऱ्यावरचं कोलंबो आणि पूर्व किनाऱ्यावरचं त्रिंकोमाली या दोन गावांचे महिनावार आकडे शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होतं. कोलंबोत जानेवारीत सुमारे 60 मिलिमीटर, मेमध्ये 390च्या आसपास, जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा 120पर्यंत खाली, आणि नोव्हेंबरमध्ये थेट 400च्या वर. त्रिंकोमालीत जूनमध्ये 25-30, आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दर महिन्याला 330-340. कोलंबोचा वर्षाचा पाऊस मुंबईच्या आसपासच भरतो, पण मुंबई तो चार महिन्यांत उरकते आणि कोलंबो बारा महिने पुरवून वापरतं. त्यामुळे तिथला 'पावसाळी महिना' म्हणजे आपल्या जुलैसारखं दिवस-दिवस झोडपणं असेलच असं नाही.

या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. कोलंबोचा सगळ्यात ओला महिना मोसमी पावसाच्या ऐन काळातला नाही. तो येतो दोन मोसमांच्या मधल्या खिंडीत, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. मार्च-एप्रिललाही अशीच एक खिंड आहे, पण ती सौम्य. या दोन्ही काळांत वारा पडलेला असतो, जमीन तापते आणि दुपारनंतर गडगडाटासह वळीव कोसळतो. सकाळ लख्ख, दोन-तीनच्या सुमारास आभाळ भरून येतं, आणि संध्याकाळपर्यंत विजा आणि मुसळधार. मोबाइलवरचं हवामानाचं अ‍ॅप अशा वेळी आठवड्याच्या सातही दिवसांवर विजेचं चित्र दाखवतं आणि लोक घाबरून बुकिंग रद्द करतात. दिवसाचं चित्र बघू नका, तासागणिक अंदाज उघडा. सकाळी सहा ते बारा कोरडं दिसत असेल तर तो दिवस तुमचाच आहे, फक्त लवकर उठायची तयारी हवी.

मे महिन्याची सुट्टी

आपल्याकडची बहुतेक कुटुंबं याच सुट्टीत निघतात आणि बहुतेक टूरवाले त्यांना कोलंबो, बेंटोटा, गॉल असा ठरलेला पश्चिम-दक्षिण फेरा विकतात. एप्रिलअखेरपर्यंत तो कसाबसा चालून जातो. मेच्या उत्तरार्धात नैर्ऋत्य मोसमी वारे बेटावर पोचतात, केरळच्याही आधी, आणि मग त्या किनाऱ्यावर आठ दिवस काढण्यात अर्थ नाही. 2003, 2016 आणि 2017 या तिन्ही वर्षी मे महिन्यातच तिथे मोठे पूर आले, दरडी कोसळल्या.

त्याऐवजी पूर्व किनारा धरा. सात रात्रींचा आराखडा असा होतो: कटुनायके विमानतळावरून कोलंबोत न शिरता थेट दांबुल्ला-सिगिरिया परिसर (सुमारे चार तास), तिथे दोन रात्री. मग त्रिंकोमालीजवळ निलावेली किंवा उप्पुवेली, साधारण 100 किलोमीटर, तिथे तीन रात्री. परतताना कँडीत एक रात्र आणि शेवटची नेगोम्बोत, कारण ते विमानतळाला अगदी लागून आहे. या आराखड्यात पाऊस लागलाच तर कँडीत लागेल, आणि कँडी पावसातही बघता येतं.

निलावेलीला असताना पिजन आयलंडची फेरी सकाळी सात-आठलाच करा. होडी दहा-पंधरा मिनिटांत पोचवते, पाणी तेव्हा काचेसारखं असतं आणि उथळ पाण्यात पोवळ्यांवरून फिरणारे छोटे शार्क सहज दिसतात. ते माणसाच्या वाटेला जात नाहीत. दुपारी वारा सुटला की वाळू ढवळते आणि स्नॉर्केलिंगचे पैसे वाया जातात. उन्हाचं मलम फासण्याऐवजी लांब बाह्यांचा पोहायचा शर्ट घाला, पाठ भाजत नाही आणि पोवळ्यांनाही त्रास नाही.

सिगिरियाच्या कातळकिल्ल्यावर मेमध्ये ऊन भयंकर असतं. सुमारे 1,200 पायऱ्या आहेत आणि वर सावली जवळपास नाहीच. दरवाजे उघडतानाच तिकीटखिडकीवर असा, दहाच्या आत खाली या. प्रत्येकी दीड लिटर पाणी न्या.

वैशाखी पौर्णिमा, म्हणजे तिथला वेसाक, बहुधा मेमध्येच येते. कंदील, रोषणाई, रस्त्यावर फुकट जेवण वाटणारे मांडव, सगळं बघण्यासारखं. पण रस्ते तुंबतात आणि दारू-मांसाची दुकानं बंद असतात. दारूविक्री तर वर्षातल्या प्रत्येक पौर्णिमेला बंद असते, ज्यांना फरक पडतो त्यांनी पंचांग बघून निघावं.

जुलै-ऑगस्ट: ज्यांना जमेल त्यांनी सोडू नये

'पावसाळ्यात कोण जातं' म्हणून आपण हे महिने ओलांडून जातो, आणि नेमका तेव्हा अर्धा श्रीलंका कोरडा ठणठणीत असतो. त्रिंकोमाली, अरुगम बेच्या लाटा, जाफन्याचा नल्लूर कंदस्वामी मंदिराचा पंचवीस दिवसांचा उत्सव, कँडीचा एसला पेराहेरा, म्हणजे सजवलेल्या हत्तींच्या रात्रीच्या मिरवणुका, सगळं याच काळात. पेराहेराच्या तारखा चांद्रमासाप्रमाणे दर वर्षी हलतात. त्या जाहीर झाल्या की लगेच खोली घ्या, शेवटच्या चार-पाच रात्रींचे भाव आणि गर्दी दोन्ही हाताबाहेर जातात.

सिगिरियाजवळच्या मिन्नेरिया राष्ट्रीय उद्यानातले हत्ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये का जमतात, हे कळलं की जीप ठरवताना फसगत होत नाही. कोरड्या महिन्यांत जुन्या तलावाचं पाणी मागे सरकतं आणि उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत उगवतं. ते खायला हत्तींचे कळप दुपारनंतर जंगलातून बाहेर येतात. म्हणजे दोन गोष्टी हव्यात: पाणी उतरलेलं आणि वेळ दुपारची. वर धरणातून पाणी सोडून तलाव भरलेला असेल तर गवतच उघडं पडत नाही, मग हत्ती शेजारच्या कावुडुल्ला उद्यानाकडे वळतात. त्यामुळे 'मिन्नेरियाच' असा हट्ट धरून ऑनलाइन आगाऊ पैसे भरू नका. त्याच दिवशी सकाळी मुक्कामाच्या ठिकाणी विचारा, काल हत्ती कुठे होते, आणि दुपारी तीनच्या सुमारास तिकडची जीप घ्या.

याच महिन्यांत कँडी ते एल्ला रेल्वेने गेलात तर दोन हवामानांची सीमा डोळ्यांनी बघता येते. नुवारा एलियाच्या बाजूला धुकं आणि रिपरिप, खिडक्यांवर ओघळ. सुमारे 1,890 मीटर उंचीवरचं पट्टिपोला स्टेशन सुटतं, गाडी बोगद्यात शिरते, आणि ओहियाच्या बाजूला बाहेर पडते तेव्हा पुष्कळदा समोर स्वच्छ ऊन असतं. चहावाल्यांचं गणितही याच रेषेवर चालतं. पूर्व उतारावरच्या उवा भागातला उत्तम चहा जुलै ते सप्टेंबरच्या कोरड्या वाऱ्यांत तयार होतो, पश्चिमेच्या डिंबुलाचा जानेवारी ते मार्चमध्ये. ज्या उताराचा चहा सध्या चांगला, तिकडे आभाळ मोकळं, असं समजायला हरकत नाही. मात्र नोव्हेंबर 2025च्या दितवा चक्रीवादळाने या डोंगरी रेल्वेमार्गाचं मोठं नुकसान केलं. आरक्षण करण्याआधी गाडी सध्या कुठून कुठपर्यंत धावते ते तपासा आणि उरलेल्या टप्प्यासाठी मोटार धरून ठेवा.

आग्नेयेकडच्या 'याला' राष्ट्रीय उद्यानाचा मुख्य भाग बहुतेक वर्षी सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद ठेवतात. बिबट्यासाठी जाणार असाल तर जुलै-ऑगस्टच बरा, पाणवठे आटलेले असतात आणि जनावरं तिथेच घुटमळतात.

दिवाळीची सुट्टी: इथेच फसगत होते

दिवाळीला श्रीलंकेचं पॅकेज स्वस्त मिळतं त्याचं कारण आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बेटाची कोणतीच बाजू खात्रीची नसते. पश्चिमेला वळीव, पूर्वेला पावसाची सुरुवात, आणि बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे. पूर्व किनाऱ्यावरची बरीच हॉटेलं तेव्हा आवरून बंद झालेली असतात. नोव्हेंबर 1978मध्ये बट्टिकलोआला उद्ध्वस्त करणारं चक्रीवादळ याच काळातलं, आणि दितवाही याच काळातलं. आमचं स्पष्ट मत: समुद्रकिनाऱ्यासाठी जात असाल तर दिवाळीत श्रीलंका नको.

तरीही दुसरी सुट्टीच नसेल, तर किनारा यादीतून काढून टाका. कँडी, सिगिरिया, पोलोन्नारुवा, गॉलचा किल्ला असं धरा आणि रोजचं मुख्य काम दुपारी एकच्या आत संपवा. सिगिरियावर ढगांचा गडगडाट ऐकू आला तर वर चढू नका. उघडा कातळ आणि लोखंडी जिने, दोन्ही विजेला आमंत्रण. डोंगरातला मुक्काम सहलीच्या मध्ये ठेवा, शेवटी नको. दरड कोसळून रस्ता बंद झाला तर विमान चुकतं. शेवटच्या दोन रात्री सखल भागात काढा.

नाताळ ते मार्च

हा पश्चिम-दक्षिण किनाऱ्याचा हंगाम. मिरिस्साहून निळे देवमासे, हिक्काडुवा आणि उनावटुनाचं शांत पाणी, वेलिगामाला लाटांवरचे धडे. नाताळच्या आठवड्यात भाव चढतात, 10 जानेवारीनंतर उतरतात, आणि डिसेंबरच्या मानाने पाऊसही कमी होतो. पूर्व किनारा आणि अनुराधापुराच्या बाजूला मात्र डिसेंबरमध्ये, कधी मध्य जानेवारीपर्यंत, पाणी साचलेलं असतं. संपूर्ण बेट एका फेरीत बघायचं असेल तर फेब्रुवारीला तोड नाही. परीक्षांच्या तोंडावर शाळकरी मुलांच्या घरांना ते जमणार नाही, पण निवृत्त मंडळींना काय अडचण?

श्रीपाद पर्वत चढायचा तो याच काळात. यात्रा डिसेंबरच्या पौर्णिमेला सुरू होऊन वेसाकला संपते. या महिन्यांत सुमारे 5,500 पायऱ्यांच्या वाटेवर रात्रभर दिवे आणि चहाची दुकानं असतात. एरवी अंधार, वारा आणि जळवा. नल्लतन्नियाहून पहाटे दोनला निघा. शनिवार-रविवार आणि पौर्णिमा टाळा, नाहीतर वरच्या टप्प्यात रांग मुंगीच्या पावलांनी सरकते आणि सूर्योदय पायऱ्यांवरच होतो. घाम आलेला सदरा बदलायला कोरडा कपडा आणि स्वेटर हवाच, 2,243 मीटरवर गारठा झोंबतो.

एप्रिलच्या 13-14 तारखेला सिंहली-तमिळ नववर्ष. बरीच दुकानं बंद, गाड्यांना गर्दी, आणि नुवारा एलियात अख्खं कोलंबो लोटलेलं. त्या चार दिवसांत प्रवासाचा लांब टप्पा ठेवू नका.

पैसे भरण्याआधी आणि निघण्याआधी

किनाऱ्यावरच्या हॉटेलांचं बुकिंग फुकट रद्द होणारं घ्या, थोडं महाग पडलं तरी. सिगिरिया-कँडीसारख्या मधल्या गावांत स्वस्त, परत न मिळणारे दर चालतील, कारण तिथला बेत पावसाने सहसा मोडत नाही.

निघायच्या आठवड्यात दोन ठिकाणी नजर ठेवा. श्रीलंकेच्या हवामान खात्याचा अंदाज, आणि दरडींसाठी तिथली राष्ट्रीय इमारत संशोधन संस्था, म्हणजे एनबीआरओ. ती जिल्हावार तीन पायऱ्यांचे इशारे देते. पिवळा असेल तर गाडीवाल्याला विचारून जा, त्याच्या वरचा असेल तर डोंगरातली रात्र रद्द करून खाली थांबा, आणि लाल म्हणजे स्थानिक लोकांनाही घरं सोडायला सांगितलेलं असतं.

मे ते सप्टेंबर पश्चिम किनाऱ्यावर राहायची वेळ आलीच, तर लाल बावटा असताना गुडघाभर पाण्यातही उतरू नका. आत ओढणारा प्रवाह वरून दिसत नाही. सापडलातच तर किनाऱ्याकडे सरळ झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघा. सामानात छत्रीपेक्षा पातळ रेनकोट ठेवा, वाऱ्यात छत्री टिकत नाही. सिंहराजासारख्या ओल्या जंगलात जाणार असाल तर जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे मोजे तिथेच प्रवेशापाशी भाड्याने मिळतात का ते विचारा, नाही मिळाले तर पँट मोज्यांत खोचा आणि मिठाची पुरचुंडी खिशात ठेवा.