पळायला सुरुवात केलीय आणि पाय दुखतोय? मग या चुका टाळा

पळायला लागल्यावर महिनाभरात काही ना काही दुखायला लागतंच आणि त्यात नवल काही नाही. दम पटकन वाढतो, दोन-चार आठवड्यांत फरक कळतो, पण हाडं आणि टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) यांना त्या भाराची सवय व्हायला महिने जातात. म्हणजे छाती म्हणते अजून पळ आणि नडगी म्हणते बास. दुखणं आलं इथपर्यंत ठीक, पण त्यानंतर आपण जे काही करतो ना, त्याने चार दिवसांत बसणारं दुखणं दोन महिने चिकटतं.

पळताना दुखायचं थांबलं म्हणजे गेलं, असं समजणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. अकिलिस (पोटरी टाचेला जोडणारं टेंडन), टाच, नडगी यांची एक खोड असते, सुरुवातीला दुखतं, दहा मिनिटांनी अंग गरम झालं की दुखणं गायब, आपण खूश, ठरवलेले ५ किमी सोडून ७ करून येतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बेडवरून उतरताना भिंत धरावी लागते. त्यामुळे निकाल पळताना लावायचाच नाही, तो दुसऱ्या दिवशी सकाळी लावायचा. दुखण्याला ० ते १० मध्ये मार्क द्या. पळताना २-३ पर्यंत असेल, पळताना वाढत नसेल आणि सकाळी उठल्यावर आदल्या दिवशीइतकंच किंवा कमी असेल तर कालचा डोस झेपला. सकाळी कडकपणा वाढला असेल तर नाही झेपला, मग पळताना कितीही छान वाटलेलं असो.

उलट टोकाची माणसंही असतात, जरा कळ आली की तीन आठवडे सोफ्यावर. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००७ साली अकिलिसच्या पेशंटवर हे करून पाहिलं होतं, एका गटाला पळणं-उड्या बंद आणि दुसऱ्या गटाला दुखणं १० पैकी ५ च्या वर न जाऊ देता चालू, व्यायाम दोघांनाही सारखाच. चालू ठेवणाऱ्यांचं काही वाईट झालं नाही. पण हे अकिलिसचं झालं, हाडाच्या दुखण्याला हा नियम लावायचा नाही, आणि चाल बदलून लंगडायला लागलात तर आकडा काहीही असो, त्या दिवशी थांबायचं.

नडगी दुखली की "शिन स्प्लिंट असेल" म्हणून सोडून देणं

बहुतेक वेळा शिन स्प्लिंटच, म्हणजे भाराने नडगीच्या आतल्या कडेला येणारं दुखणं, असतो हे खरं. पण खात्री करायला दोन मिनिटं द्या. खुर्चीत बसा, पाय दुसऱ्या मांडीवर घ्या आणि नडगीच्या आतल्या कडेवरून घोट्यापासून वर एका बोटाने दाबत जा. चांगल्या पाच-सहा सेंटीमीटरच्या पट्ट्यात सगळीकडे थोडं थोडं दुखतंय, तर ते शिन स्प्लिंटच्या बाजूचं. पण एकाच जागी, बोटाच्या टोकाएवढ्या ठिकाणी दाबल्यावर झटका बसतोय, रात्री झोपेत ठणकतंय, चालतानाही दुखतंय, तर स्ट्रेस फ्रॅक्चरची (सततच्या भाराने हाडाला गेलेला बारीक तडा) शंका घ्यायची, पळणं त्याच दिवशी बंद आणि डॉक्टरकडे. आणि प्लीज, "बघू खरंच फ्रॅक्चर आहे का" म्हणून त्या एका पायावर उड्या मारत बसू नका.

इथे अजून एक गफलत होते, एक्स-रे काढतात, तो नॉर्मल येतो आणि मंडळी परत पळायला जातात. स्ट्रेस फ्रॅक्चर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसतं. डॉक्टरला सांगताना "पाय दुखतोय" एवढंच नका सांगू, "गेल्या महिन्यात रनिंग एवढं वाढवलं आणि या एका पॉइंटला दुखतंय" असं सांगा, त्यांचं अर्धं काम होतं. जांघेत खोलवर दुखणं आणि पावलाच्या वरच्या बाजूला मधोमध दाबल्यावर दुखणं, या दोन जागा तर अजिबात अंगावर काढायच्या नाहीत, तिथली फ्रॅक्चर भरायला हट्टी असतात. आणि वजन कमी करायला पळताय, खाणं खूप कमी केलंय, बायकांमध्ये पाळी चुकायला लागलीय, तर हाडं आधीच कमजोर होत असू शकतात, हे डॉक्टरपासून लपवू नका.

मुरगळलेला घोटा चोळणं आणि शेकणं

पाय आत वळून मुरगळला की बाहेरच्या बाजूचं लिगामेंट (हाडाला हाड जोडणारा पट्टा) ताणलं जातं, सूज येते, काळंनिळं होतं. पहिले दोन-तीन दिवस गरम शेक नको आणि जोरात मालिश तर नकोच, आत रक्त साकळलेलं असतं ते अजून वाढतं. क्रेप बँडेज, पाय उशीवर वर, आणि बर्फ लावायचा तर फडक्यात गुंडाळून १०-१५ मिनिटं, दुखणं कमी करायला म्हणून. बर्फाने लवकर बरं होतं असं मात्र धरून चालू नका. आराम-बर्फ-बँडेज-पाय वर हा राइसचा फॉर्म्युला ज्या डॉ. गेब मर्किननी १९७८ साली प्रसिद्ध केला त्यांनीच नंतर म्हटलं की बर्फ आणि पूर्ण आराम यांनी उलट भरून यायला उशीर होऊ शकतो.

"चालता येतंय म्हणजे फ्रॅक्चर नाही" हे निम्मंच खरं. कॅनडातल्या डॉक्टरांनी १९९२ साली यासाठी ओटावा नियम काढले, अजूनही इमर्जन्सीमध्ये वापरतात. मुरगळल्या मुरगळल्या आणि नंतर तपासतानाही चार पावलं टाकता आली नाहीत, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड आणि खालचं टोक इथे, करंगळीच्या रेषेत पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जो हाडाचा उंचवटा लागतो तिथे, किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वर जे हाड लागतं तिथे दाबून दुखतं, तर एक्स-रे काढायचा.

फ्रॅक्चर नाही म्हटल्यावर लोक दोन आठवडे बँडेज बांधून बसतात आणि मग थेट ग्राउंडवर. मधलं कामच राहतं. दुखणं सहन होईल तसं दोन-तीन दिवसांत घोटा हलवायला लागा, आणि मग दात घासताना त्या एका पायावर उभं राहायचं, जमलं की डोळे मिटून. पहिल्यांदा डोळे मिटाल तेव्हा कळेल किती हलताय ते. हे न करता पळायला गेलेला घोटा परत परत मुरगळतो.

गोळी घेऊन पळायला जाणं

नको. रेसच्या दिवशी तर नकोच नको. दुखण्याचा सिग्नल दाबला जातो हे एक, आणि आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या, घामाने पाणी कमी झालेलं शरीर आणि तासन्‌तास पळणं हे सगळं एकत्र आलं की किडनीवर ताण येतो हे दुसरं.

टाच आणि अकिलिस: नुसता आराम, नाहीतर नुसतं स्ट्रेचिंग

सकाळी पहिलं पाऊल टाकलं की टाचेखाली खिळा घुसल्यासारखं वाटतं आणि थोडं चाललं की कमी होतं, तर बहुतेक प्लांटर फॅशियायटिस, म्हणजे तळव्याच्या जाड पट्ट्याचं दुखणं. एक्स-रेमध्ये टाचेचं हाड वाढलेलं दिसलं म्हणून घाबरू नका, ते न दुखणाऱ्या कितीतरी लोकांनाही असतं. बेडवरून उतरायच्या आधीच पायाची बोटं हाताने नडगीकडे ओढून दहा सेकंद धरा, असं दहा वेळा, मग पाय खाली टेका. घरात कडक फरशीवर अनवाणी फिरणं काही दिवस बंद.

अकिलिसला नुसत्या आरामाने फक्त तात्पुरतं बरं वाटतं, टेंडनला भार लागतोच. स्वीडनचे सर्जन हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली मांडलेला प्रोग्राम आजही फिजिओ देतात, पायरीच्या कडेवर उभं राहून दुखऱ्या पायाची टाच हळूहळू खाली सोडायची, १५ चे ३ सेट गुडघा सरळ आणि तेवढेच गुडघा वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. पण दुखणं जिथे टेंडन टाचेच्या हाडाला चिकटतं तिथेच असेल तर पायरीखाली टाच सोडू नका, तिथे ते दाबलं जातं आणि दुखणं वाढतं, सपाट जमिनीवर टाचा वर-खाली करा. व्हिडिओ बघून सगळे पायरीवरच चढतात आणि काहींचं वाढतं ते यामुळे.

फोड सोलणं, काळं नख उपटणं

छोटा, न दुखणारा फोड असेल तर हात लावू नका. मोठा ताणलेला असेल तर साबणाने धुवा, सुई स्पिरिटने पुसून फोडाच्या कडेला दोन-तीन भोकं पाडा, स्वच्छ गॉजने हलकं दाबून पाणी काढा आणि वरची कातडी तशीच राहू द्या, तिच्याइतकं चांगलं ड्रेसिंग मिळत नाही. पेट्रोलियम जेली आणि न चिकटणारी पट्टी. डायबिटीस असेल तर घरी हे काही करायचं नाही.

अंगठ्याचं नख काळं होतं कारण उतारावर पाऊल पुढे सरकून नख शूजला आपटतं. नवीन नख पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष लागतं, त्यामुळे जुनं आपोआप सुटेपर्यंत उपटू नका. शूजमध्ये पुढे अंगठ्याएवढी जागा हवी. आणि शूजच्या सगळ्यात वर जे एक एक्स्ट्रा भोक असतं ना, जे बहुतेक जण रिकामं ठेवतात, त्यातून लेस त्याच बाजूला आत घालून छोटा लूप करा, दोन्ही बाजूंना, मग प्रत्येक लेस समोरच्या लूपमधून ओवून ओढा आणि गाठ मारा. टाच पक्की बसते, पाऊल पुढे घसरत नाही.

पोटरीची सूज "गोळा आला असेल" म्हणून चोळणं

एकाच पोटरीला सूज, गरमपणा, लाली, आणि कुठे झटका बसल्याचं आठवत नाही, खास करून लांबच्या प्रवासानंतर किंवा बरेच दिवस पडून राहिल्यावर, तर मालिश न करता त्याच दिवशी डॉक्टरकडे. शिरेत गुठळी असू शकते. सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी.

बरं वाटलं की जुन्या प्लॅनच्या त्याच आठवड्यावर उडी

आठवड्याला १० टक्के वाढवा हा नियम सगळे सांगतात, पण नेदरलँड्समध्ये २००८ साली नवीन रनर्सवर तपासलं तेव्हा या पद्धतीने वाढवणारे आणि नेहमीचा प्लॅन पाळणारे, दोन्हीकडे पाचातला साधारण एक जण दुखावलाच. २०२५ साली पाच हजारांहून जास्त रनर्सच्या डेटात दिसलं की आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकच रन खूप मोठा मारणं जास्त नडतं, म्हणजे गेल्या ३० दिवसांतल्या सगळ्यात लांब रनपेक्षा १० टक्क्यांहून जास्त. आता सुट्टीनंतर गेल्या ३० दिवसांतला लांब रन किती असतो ते बघा, कदाचित शून्यच. म्हणून आधी अर्धा तास भरभर चालून दुखत नाही ना हे बघा, मग एक मिनिट पळणं-दोन मिनिटं चालणं असं आठ-दहा वेळा, मध्ये एक दिवस सोडून, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मार्क देऊन पुढची पायरी. अंतर आधी वाढवा, स्पीड आणि चढ-उतार नंतर. काफ रेझ (टाचा वर-खाली करणं) मात्र चालू ठेवा, दुखणं थांबल्यावर सगळ्यात आधी तेच बंद होतात.