ट्रेकचं सामान कोण खातं? मुंबईच्या घरात सॅक, स्वेटर आणि दोर जपण्याची रीत

ट्रेकच्या सामानाला भोक पडलं की ‘उंदरानं खाल्लं’ म्हणून आपण मोकळे होतो. बऱ्याचदा उंदराचा त्यात हातच नसतो. लोकरीच्या टोपीला पडलेलं भोक, सुती पिशवीचा खरवडल्यासारखा विरलेला कोपरा आणि सॅकचा कुरतडलेला पट्टा ही तीन वेगळ्या जिवांची कामं आहेत, आणि प्रत्येकाला अडवायची रीतही वेगळी. मुंबईत अनेकांचं हिमालयातलं सामान वर्षातून एकदाच, मे महिन्यात बाहेर निघतं. उरलेला काळ ते माळ्यावर नाहीतर दिवाणात, त्यातले चार महिने पावसाळ्याच्या दमट हवेत. खरं नुकसान तिथे होतं.

१. आधी ढीग करा

सगळं सामान चादरीवर ओता आणि कापड कशाचं आहे ते बघून वेगळं करा. प्राण्यांपासून आलेलं एका बाजूला: लोकर, मेरिनो मेंढीच्या लोकरीचे टी-शर्ट, पिसं भरलेलं डाऊन जॅकेट, पिसांची स्लीपिंग बॅग. झाडांपासून आलेलं दुसरीकडे: सुती कपडे, कॅनव्हास, कागदी नकाशे. नायलॉन, पॉलिएस्टर, फोम आणि प्लॅस्टिक तिसरीकडे.

२. लोकर आणि पिसं

यांच्यात केराटिन नावाचं प्रथिन असतं. ते पचवू शकणारे जीव थोडे आहेत, पण त्यातले काही आपल्याच घरात राहतात. भिंतीला चिकटलेलं, दोन्ही टोकांना निमुळतं, भोपळ्याच्या बीसारखं राखाडी घरटं तुम्ही नक्की पाहिलं असेल. आत एका पतंगाची अळी असते. कोळ्याची जाळी, गळलेले केस आणि लोकर हे तिचं अन्न. लोकर खाणाऱ्या पतंगांच्या आणखीही जाती आहेत, शिवाय कार्पेट बीटल नावाच्या छोट्या भुंग्याची केसाळ अळी आहेच. खाते ती अळी. कपड्यांवरचे प्रौढ पतंग काहीच खात नाहीत. अळीला अंधार आवडतो, म्हणून कॉलरखाली, शिवणीत आणि घड्यांमध्ये शोधा.

तिला सर्वांत जास्त ओढतो तो घाम आणि सांडलेल्या अन्नाचा डाग. म्हणून न धुतलेली लोकर कधीच आत ठेवू नका. थंड पाणी आणि लोकरीसाठीचा सौम्य साबण वापरा. डाग काढणाऱ्या अनेक डिटर्जंटमध्ये प्रथिनं तोडणारी एन्झाइम असतात, ती लोकरीलाही सोडत नाहीत. डाऊन जॅकेट मात्र जून उजाडल्यावर घरी धुवायला काढू नका. आतली पिसं दमट हवेत पुरती वाळत नाहीत आणि कुबट वास धरतात. पाऊस सुरू होण्याआधी धुवा, नाहीतर ड्रायर असलेल्या लाँड्रीत द्या.

अळी दिसलीच, तर कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. अंडी, अळ्या सगळं मरतं. वस्तुसंग्रहालयांतही लोकरीच्या वस्तूंसाठी गोठवण्याची रीत वापरतात. डांबरगोळ्यांपेक्षा मला हा उपाय शंभर पटींनी पसंत आहे. त्यांतल्या नॅफ्थलीनची वाफ काही जातींच्या प्लॅस्टिकला खराब करते आणि जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या तान्ह्या बाळांना घातक ठरू शकते. बाळ असलेल्या घरात त्या आणूच नका.

३. सुती आणि कागद

इथे कसर लागते. त्या चंदेरी, चपळ किड्याला पिष्ट आणि सेल्युलोज दोन्ही चालतं. खळ दिलेला कपडा, नकाशाच्या घडीवरचा डिंक, पुठ्ठ्याचा खोका, सगळं तिचं जेवण. तिला ओल लागते, म्हणून पावसात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला लागून सामान नको. बुटांचा पुठ्ठ्याचा खोका तर आजच टाकून द्या.

४. नायलॉन आणि उंदीर

नायलॉन उंदराला पचत नाही. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे कुरतडणं हा त्याचा स्वभावच आहे. पण सॅकच निवडण्यामागे बहुधा कारण असतं: कप्प्यात राहिलेला चिक्कीचा तुकडा, फरसाणाचा चुरा, सॅकमधल्या पाण्याच्या पिशवीच्या नळीत राहिलेलं गोड सरबत. फोम आणि पिसं तो घरट्यासाठी ओढून नेतो. सगळे कप्पे उलटे करून झटका, पट्टे ब्रशने धुवा आणि सावलीत वाळवा. कडक उन्हानं नायलॉनची ताकद कमी होते.

ठेवायला पत्र्याची ट्रंक सर्वांत उत्तम. प्लॅस्टिकचा डबा उंदीर पोखरू शकतो. ट्रंक विटांवर उचलून ठेवा, आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. स्लीपिंग बॅग दाबून भरू नका, सैल सुती पिशवीत घालून ट्रंकेत सोडा. पाइपाभोवतीच्या फटी स्टीलच्या तारेची घासणी कोंबून सिमेंटनं बंद करा. लहान उंदराला ६ मिलिमीटरची फटही पुरते. सामानावर उंदराचं मूत्र दिसलं तर हातमोजे घालूनच धुवा. पावसाळ्यात मुंबईत लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार पसरतो तो मुख्यतः उंदरांच्या मूत्रातून.

५. मुक्कामाला आणि वाटेवर

गडावरच्या देवळात किंवा लेण्यात झोपताना खाणं सॅकमधून काढून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा आणि रिकाम्या सॅकच्या चेन उघड्या ठेवा. उंदराला आत शिरून बघता आलं की तो सहसा कापड फाडत नाही. पायथ्याच्या गावात घामट मोजे कुंपणावर वाळत टाकू नका, गाईगुरं मिठासाठी ते चघळतात.

माथेरान, कान्हेरी, घारापुरी इथल्या माकडांपुढे कुठलंच कापड टिकत नाही. हातातली पिशवी म्हणजे खाऊ, हे त्यांना आपल्या खाऊ घालण्यानंच शिकवलंय. सगळं सॅकमध्ये, हात मोकळे, आणि माकडानं काही ओढलंच तर सोडून द्या. चावा किंवा ओरखडा आला तर साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवून त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठा.

६. निघायच्या आठवडाभर आधी

बूट घालून घरात चाला, सोल वाकवून बघा. सोलचा भुगा पडला किंवा तंबूचा आतला थर चिकट होऊन सुटला, तर ते कुणी खाल्लेलं नाही. हवेतल्या ओलाव्यानं त्यांतलं पॉलियुरेथेन नावाचं प्लॅस्टिक तुटतं, आणि न वापरता ठेवलेले बूटही त्यातून सुटत नाहीत.

चढाईचा दोर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांतून सरकवा. आवरणावर दातांच्या खुणा दिसल्या, कुठे तो मऊ, पोकळ किंवा चपटा लागला, तर तो चढाईला वापरायचा नाही. त्याचे लहान तुकडे करा, म्हणजे ग्रुपमधलं कुणी चुकून तो सॅकमध्ये भरणार नाही.