रिपोर्टमधील बेरजा का जुळत नाहीत? डायमेन्शनल मॉडेलमधील या चुका टाळा

विक्रीच्या रिपोर्टमधील एकूण रक्कम मूळ प्रणालीतील रकमेशी जुळली नाही की बहुतेक जण आधी सूत्र तपासायला घेतात. सूत्र बहुधा बरोबर असते आणि दोष त्याखालच्या मॉडेलमध्ये असतो. मोजता येणाऱ्या घटना फॅक्ट टेबलमध्ये आणि त्यांचे संदर्भ, म्हणजे ग्राहक, उत्पादन, तारीख, शाखा, डायमेन्शन टेबलमध्ये ठेवायचे, एवढे सर्वांना ठाऊक असते. पण फॅक्ट टेबलमधील एक ओळ नेमकी कशाची नोंद आहे, म्हणजेच तिचा ग्रेन काय, हे एका वाक्यात लिहून ठेवलेले क्वचितच आढळते.

एकाच टेबलमध्ये दोन ग्रेन

समजा, एका ऑर्डरमध्ये ३ वस्तू आहेत आणि संपूर्ण ऑर्डरवर ९० रुपये वाहतूक खर्च लागला आहे. टेबलमध्ये प्रत्येक वस्तूसाठी एक ओळ असेल आणि प्रत्येक ओळीत ९० हा आकडा उतरवला असेल, तर बेरीज २७० येणार. अशा वेळी ‘डिस्टिंक्ट’ (सारखी मूल्ये एकदाच धरणारा पर्याय) लावून आकडा जुळवून घेण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. कारण वाहतूक खर्च योगायोगाने सारखाच असलेल्या दोन वेगळ्या ऑर्डरी त्यामुळे एकच धरल्या जातात आणि चूक उलट दिशेने होते. खर्च काही निकषाने वस्तूंवर विभागून टाकावा किंवा ऑर्डरच्या पातळीचे वेगळे फॅक्ट टेबल करावे. विभागणीचा निकष मात्र लेखा विभागाकडून ठरवून घ्यावा. तो मॉडेल करणाऱ्याने स्वतःच्या मनाने ठरवू नये.

दोष शोधण्याची सोपी पद्धत अशी: प्रत्येक जॉइननंतर, म्हणजे दोन टेबल सामाईक रकान्यावर (कीवर) जोडल्यानंतर, ओळींची संख्या मोजावी. डायमेन्शन जोडल्यावर फॅक्टच्या ओळी वाढल्या, तर त्या डायमेन्शनमध्ये एकाच कीच्या एकाहून अधिक ओळी आहेत. ओळी घटल्या, तर फॅक्टमधील काही की रिकाम्या आहेत किंवा डायमेन्शनमध्ये त्यांची नोंदच नाही, आणि इनर जॉइनने (दोन्हीकडे जुळणाऱ्या ओळीच ठेवणाऱ्या जॉइनने) त्या विक्रीसह गाळून टाकल्या आहेत. ही दुसरी चूक अधिक धोकादायक म्हणावी लागेल, कारण फुगलेला आकडा कोणाच्या तरी डोळ्यांत भरतो, घटलेला भरत नाही. त्यावरचा रूढ उपाय म्हणजे प्रत्येक डायमेन्शनमध्ये ‘अज्ञात’ अशी एक ओळ, बहुधा उणे १ या कीने, आधीच घालून ठेवणे आणि संदर्भ न सापडलेल्या नोंदी तिच्याशी जोडणे.

दोन फॅक्ट टेबल थेट जोडणे

एका ग्राहकाच्या २ ऑर्डरी आणि ३ भरणा-नोंदी असतील, तर दोन्ही टेबल ग्राहक-कीवर थेट जोडल्यावर ६ ओळी तयार होतात. विक्री तिप्पट आणि भरणा दुप्पट दिसतो. आधी प्रत्येक फॅक्टची बेरीज ग्राहकाच्या पातळीवर स्वतंत्रपणे करावी आणि मगच ते दोन निकाल शेजारी आणावेत. अर्थात, दोन्हीकडे ग्राहक आणि तारीख यांची डायमेन्शन एकच असली, तरच ही तुलना अर्थपूर्ण ठरते.

इतिहास पुसला जाणे

एखादा विक्री प्रतिनिधी उत्तर विभागातून दक्षिण विभागात गेला आणि डायमेन्शनमध्ये जुन्या मूल्यावर नवे मूल्य लिहिले, तर गेल्या वर्षीची त्याची सारी विक्रीही दक्षिणेच्या खात्यात जाते. नावातील शुद्धलेखनाची दुरुस्ती असेल, तर असे लिहिणे योग्यच आहे. विभागबदलासाठी मात्र नवी सरोगेट की (मूळ कर्मचारी-क्रमांकाहून वेगळा, डायमेन्शनमधील प्रत्येक ओळीला दिलेला स्वतंत्र क्रमांक) असलेली नवी ओळ, वैधतेच्या दोन तारखांसह, हवी. यालाच टाइप २ म्हणतात. फॅक्टमध्ये व्यवहाराच्या दिवशी वैध असलेल्या ओळीची सरोगेट की जायला हवी. पुष्कळ ठिकाणी टाइप २ लागू केल्यानंतरही जॉइन जुन्या कर्मचारी-क्रमांकावरच राहतो आणि प्रत्येक व्यवहार जितक्या आवृत्त्या तितक्या वेळा मोजला जातो. तसेच प्रतिनिधींची संख्या सांगताना सरोगेट की मोजू नये. तिथे कर्मचारी-क्रमांकच मोजायचा असतो.

बेरीज न होणाऱ्या गोष्टींची बेरीज

टक्केवारी फॅक्टमध्ये साठवून तिची सरासरी काढणे ही बहुधा सर्वांत रुळलेली चूक असावी. एका शाखेची विक्री १,००० आणि नफा ५००, दुसरीची विक्री ९,००० आणि नफा ९००. दोन्ही टक्केवाऱ्यांची सरासरी ३० येते, प्रत्यक्षात १०,००० वर १,४०० म्हणजे १४ टक्के नफा आहे. म्हणून अंश आणि छेद साठवावेत आणि भागाकार रिपोर्टमध्ये, बेरजेनंतर करावा. शिल्लक साठा किंवा खात्यातील शिलकीचे थोडे वेगळे आहे: ती शाखांवर मिळवता येते, पण दिवसांवर मिळवता येत नाही. महिन्यासाठी अखेरच्या दिवसाची शिल्लक किंवा सरासरी घ्यावी, आणि दोन्हींपैकी कोणती घेतली, हे रकान्याच्या नावातच लिहावे.

डायमेन्शन तुकड्यांत विभागावे की सपाट ठेवावे, या वादात मात्र फार वेळ घालवू नये. बहुतेक रिपोर्टना सपाट टेबल पुरते. त्याऐवजी तारखेचे स्वतंत्र डायमेन्शन करावे आणि त्यात आर्थिक वर्ष, तिमाही व सुट्ट्या भरून ठेवाव्यात. ऑर्डरची तारीख आणि पाठवणीची तारीख या दोन्हींसाठी हेच टेबल दोनदा, वेगळ्या नावांनी जोडावे; अन्यथा एक विभाग ऑर्डरच्या तारखेवरून आणि दुसरा पाठवणीच्या तारखेवरून महिन्याची विक्री काढतो आणि दोघांचेही आकडे आपापल्या जागी बरोबर असतात.