जुन्या फ्रिजच्या रोप-कपाटात हवा खेळती ठेवताना

फ्रिजची सगळी रचना आतली हवा आत आणि बाहेरची उष्णता बाहेर ठेवण्यासाठी असते. बंद पडलेल्या फ्रिजमध्ये दिवा लावून तुळस, लेट्यूस किंवा मिरचीची रोपं वाढवायला घेतली की हाच गुण आड येतो. फोम भरलेल्या भिंतींतून दिव्याची उष्णता बाहेर पडत नाही. १८० लिटरच्या फ्रिजमध्ये ६० वॉटचा एलईडी लावून दार बंद ठेवलं, तर आतलं तापमान खोलीपेक्षा ४० अंशांनीही वर जाऊ शकतं. म्हणून फॅन निवडताना कपाटाचे लिटर बाजूला ठेवा आणि दिव्याचे वॉट बघा.

दिव्याने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. प्रकाशसुद्धा पानांवर आणि भिंतींवर पडून त्यातच जिरतो. वॉटच्या आकड्याला ३ ने गुणा आणि खोलीपेक्षा जितके अंश जास्त चालणार असतील तितक्याने भागा. येणारं उत्तर म्हणजे तासाला किती घनमीटर हवा बाहेर काढायची ते. ६० वॉटचा दिवा आणि ३ अंशांची सूट धरली तर ६० घनमीटर. फॅनच्या खोक्यावर बहुधा सीएफएम लिहिलेलं असतं; १ सीएफएम म्हणजे तासाला १.७ घनमीटर, म्हणजे आपल्याला ३५ सीएफएम लागतात. मात्र खोक्यावरचा आकडा फॅनपुढे काहीच अडथळा नसतानाचा असतो. जाळी, पाइप, एखादं वळण आलं की हाती निम्मंच येतं असं धरून चाला आणि ६०-६५ सीएफएमचा फॅन घ्या. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधला १२० मिलिमीटरचा, १२ व्होल्टचा फॅन या कामाला अगदी योग्य. दोन सारखे वाटले तर ज्याचं स्टॅटिक प्रेशर, म्हणजे अडथळ्यातून हवा ढकलण्याची ताकद, जास्त तो निवडा. ते ‘मिलिमीटर पाणी’ या मापात लिहितात; २ च्या आसपास असलं की पुरतं.

दिव्याचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा डबा, सुटा करता येत असेल तर तो बाहेर बसवा. साधारण दहा टक्के उष्णता तिथेच तयार होते, ती आत आणण्याचं काही कारण नाही.

भोक पाडायच्या आधी गॅसचा विचार करा. जुन्या फ्रिजमध्ये आर-१२ किंवा आर-१३४ए असतो, नंतरच्या पुष्कळ फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, आणि तो पेट घेतो. कोणता आहे ते कंप्रेसरवरच्या किंवा आतल्या पट्टीवर लिहिलेलं असतं. गॅस कोणताही असो, तो फ्रिज दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाकडून यंत्राने काढून घ्या. नळी कापून हवेत सोडू नका. त्याच वेळी कंप्रेसरही काढून टाकला तर कपाट हलकं होतं आणि मागे अडॅप्टरसाठी जागा मिळते.

गॅस काढता येत नसेल तर भोकं फक्त दारात पाडा. दारात गॅसची नळी नसते. मागची भिंत, बाजू आणि फ्रीझरचा डबा यांत असू शकते. दाराच्या चौकटीवरही भरवसा ठेवू नका: तिथे दव धरू नये म्हणून पुष्कळ फ्रिजमध्ये गरम नळी चौकटीभोवती फिरवलेली असते. आमच्या मते गॅस काढलेला असला तरी दारच सोयीचं. चुकलं तर पत्रा बदलता येतो, आणि जाळी साफ करायला कपाट ओढावं लागत नाही.

हवा आत घेण्याची वाट सगळ्यात खाली आणि बाहेर काढणारा फॅन सगळ्यात वर, दिव्याच्या पातळीला किंवा त्याच्याही वर. शक्य तर दोन्ही भोकं समोरासमोरच्या कोपऱ्यांत ठेवा, म्हणजे हवा तिरपी सगळ्या रोपांमधून जाईल. काचेचे कप्पे मधली वाट अडवतात. ते काढून तारेचे कप्पे लावा. फ्रीझरचा डबा तसाच राहिला तर गरम हवा त्याच्याखाली तुंबते. गॅस काढलेला असेल तर तो डबा काढा आणि दिवा तिथे टांगा. नसेल तर दिवा आणि फॅन दोन्ही डब्याच्या खाली घ्या.

भोक पाडण्याची रीत अशी:

१. आतून मध्यबिंदू धरून ३ मिलिमीटरच्या ड्रिलने आरपार छिद्र पाडा. बाहेरची खूण त्यावरूनच मिळते.
२. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप चिकटवा. आतलं प्लॅस्टिक होल सॉने, म्हणजे ड्रिलला लावायच्या गोल करवतीने, मंद गतीने कापा. वेग वाढला की ते वितळतं किंवा तडकतं. मग बाहेरचा पत्रा बाहेरच्या बाजूने. मधला फोम लांब पात्याच्या चाकूने निघतो. मास्क, गॉगल आणि हातमोजे हवेतच.
३. ११० मिलिमीटर बाहेरच्या व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा भिंतीच्या जाडीएवढा तुकडा भोकात बसवा. तो नसेल तर फोमचा भुगा हवेबरोबर उडत राहतो आणि भिंतीत ओल शिरते.
४. फटी न्यूट्रल सिलिकॉनने भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन कापलेल्या पत्र्याला गंज आणतं.
५. फॅनच्या स्क्रूंची छिद्रं १०५ मिलिमीटर अंतरावर येतात. फॅन आणि पत्रा यांच्यामध्ये रबराची पट्टी ठेवा, नाहीतर अख्खं दार घुमत राहतं.

सगळ्यात जास्त चुका आत येणाऱ्या वाटेबाबत होतात. वर एक भोक, खाली तेवढंच एक, आणि खालच्यावर बारीक जाळी, म्हणजे फॅन गुदमरलाच. त्याच्या भोकाचं क्षेत्रफळ साधारण ९०-१०० चौरस सेंटिमीटर असतं. खालची वाट दीडपट ते दुप्पट ठेवा, म्हणजे तशीच दोन भोकं. किडी आत येऊ नयेत म्हणून जाळी लावायचीच. ती दर पंधरा दिवसांनी धुवा. रोप फुलवण्यासाठी रात्रीचा पूर्ण अंधार लागत असेल तरच वाटेवर काटकोनाची दोन वळणं करून ती आतून मॅट काळी रंगवा. पालेभाज्यांना याची गरज नाही.

आता ओलाव्याकडे. दिवसाला अर्धा लिटर पाणी घातलं तर त्यातलं बहुतेक सगळं पानांतून आणि मातीतून हवेत जातं. २५ अंशांना १८० लिटर हवेत जेमतेम ४ ग्रॅम वाफ मावते. बाकीची भिंतींवर दव होऊन बसते. दिवा बंद झाला की तापमान उतरतं आणि सापेक्ष आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर जाते. कोवळी रोपं बुंध्याशी कुजणं, पानांवर करडी बुरशी येणं हे सगळं याच वेळी सुरू होतं. म्हणून फॅन दिव्याच्या टायमरवर लावू नका. दिवा बंद असतानाही तो चालू हवा, फक्त हळू. १२ ऐवजी ७ व्होल्ट दिले की बहुतेक फॅन निम्म्या गतीने आणि जवळजवळ आवाज न करता फिरतात. तुमचा फॅन थांबलेला असताना त्या व्होल्टेजला सुरू होतो ना, एवढं तपासा. आर्द्रता ५० ते ७० टक्क्यांत राहिली पाहिजे.

आत ८० मिलिमीटरचा आणखी एक फॅन हवाच. त्याचा झोत दिवा आणि शेंड्यांच्या मधून जाऊ द्या. पानं हलकीशी हलली की झालं. हवा साचली की लेट्यूसच्या आतल्या पानांना कॅल्शियम पोचत नाही आणि त्यांच्या कडा तपकिरी होतात. खत वाढवून हे सुधारत नाही.

फॅन कपाटाला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली ३३ अंशांवर असेल तर आत ३६ होणारच. उपाय एकच: दिव्याचे तास रात्रीत न्या. खोली तेव्हा थंड असते, आणि दमट हवासुद्धा दिव्याने ३ अंश तापली की ८५ टक्क्यांवरून सुमारे ७१ वर येते.

अडॅप्टर बाहेर, आत शक्यतो १२ व्होल्टच. फ्रिजच्या पत्र्याला अर्थिंग कायम ठेवा आणि पुरवठा ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमधून, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचमधून, घ्या. वायर पाणी जाण्याच्या जुन्या नळीच्या भोकातून नेता येतात. दिव्याच्या लाइनमध्ये ४५ अंशांना वीज तोडणारा थर्मल स्विच मालिकेत जोडा. फॅन अडकला तर रोपं आणि दिवा दोन्ही त्याच्यामुळेच वाचतात.

रोपं ठेवण्याआधी २४ तास चालवून बघा. थर्मामीटर शेंड्यांच्या उंचीला, दिव्याच्या सावलीत. उजेडात ठेवला तर खोटं जास्त दाखवतो. फरक ५ अंशांच्या वर गेला तर दार बोटभर उघडा. फॅनचा आवाज लगेच बदलला आणि तापमान उतरायला लागलं तर खालची वाट अपुरी आहे. दोन्ही तसंच राहिलं तर फॅन लहान आहे. फॅन ठीक असूनही वरच्याच कप्प्यात उकाडा असेल तर उदबत्तीचा धूर खालच्या वाटेशी धरा: धूर आत न ओढला जाता तिथेच रेंगाळला, तर हवा दाराच्या कडेच्या फाटक्या रबरातून वरच्या वर शिरते आहे. ते रबर बदला.