नोडमधला सॅन्डबॉक्स फुटला हे ओळखायचं कसं, नवीन येणाऱ्यांसाठी

बॅकएंडवरून सिक्युरिटीत यायचंय, सुरुवात कुठून करू असं बरेच जण विचारतात, आणि नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड.जेएस) येत असेल तर माझं उत्तर ठरलेलं आहे, सॅन्डबॉक्स एस्केप घ्या, म्हणजे बंदिस्त जागेत चालवलेला परका कोड तिथून बाहेर निसटणं. वर्कफ्लो टूल, रूल इंजिन, ऑनलाइन कोड एडिटर, जिथे म्हणून युजरने लिहिलेलं जावास्क्रिप्ट आपल्या सर्व्हरवर चालतं तिथे हा प्रश्न आहेच. एस्केप करून दाखवणारे ढिगाने मिळतात, तो झालाय हे ओळखणारे फार थोडे.

आधी एक एस्केप स्वतःच्या लॅपटॉपवर करून बघा. नोडचं व्हीएम मॉड्यूल घ्या, ते कोड वेगळ्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे वेगळ्या ग्लोबल ऑब्जेक्टसह चालवतं. त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय की हे सिक्युरिटीसाठी नाही, भरवसा नसलेला कोड यात चालवू नका, तरी लोक चालवतातच. कॉन्टेक्स्ट बनवताना तुम्ही बाहेरून एक ऑब्जेक्ट देता, त्याचा कन्स्ट्रक्टर बाहेरच्या जगातला, त्या कन्स्ट्रक्टरचा कन्स्ट्रक्टर म्हणजे बाहेरचं फंक्शन, आणि त्याला 'रिटर्न प्रोसेस' एवढी स्ट्रिंग देऊन चालवलं की होस्टचा, म्हणजे बाहेरच्या मूळ नोडचा, प्रोसेस ऑब्जेक्ट हातात. एका ओळीचं काम. प्रोटोटाइप नसलेला ऑब्जेक्ट दिलात तर ही ओळ अडते, पण सोबत बाहेरचा कन्सोल दिलात की लॉग फंक्शनवरून तीच वाट परत मोकळी.

मग व्हीएम-टू (vm2) या सॅन्डबॉक्स लायब्ररीच्या ॲडव्हायजरी, म्हणजे त्रुटींच्या जाहीर सूचना, तारखेप्रमाणे वाचून काढा. सीव्हीई-२०२२-३६०६७ (सीव्हीई म्हणजे जाहीर त्रुटीचा क्रमांक), गंभीरतेचा स्कोअर थेट १० पैकी १०, एररचा स्टॅक फॉरमॅट करणाऱ्या हुकमधून होस्टचे ऑब्जेक्ट मिळत होते, ३.९.११ मध्ये बुजवलं. २०२३ च्या एप्रिलमध्ये नवे एस्केप बुजवायला ३.९.१५, १६, १७ पाठोपाठ, मेमध्ये ३.९.१८, आणि जुलैमध्ये मेंटेनरने प्रोजेक्ट थांबवतोय, आयसोलेटेड-व्हीएम या दुसऱ्या सॅन्डबॉक्स लायब्ररीकडे जा असं जाहीर केलं. प्रत्येक फिक्सचा डिफ (कोडमध्ये काय बदललं ते) आणि त्यासोबतची टेस्ट वाचा, पैसे भरून केलेल्या कोर्सपेक्षा जास्त शिकाल असं माझं तरी मत आहे.

आता डिटेक्शन. इथे नवीन माणूस पहिल्यांदा रेजेक्स (मजकुरात ठरावीक शब्द शोधणारा पॅटर्न) लिहायला बसतो, कोडमध्ये 'कन्स्ट्रक्टर' दिसला की ब्लॉक. समोरचा तोच शब्द दोन तुकडे जोडून लिहितो, संपला तुमचा रेजेक्स. मग नवीन प्रोसेस सुरू करणाऱ्या चाइल्ड प्रोसेस मॉड्यूलवर हुक टाकून त्याचे कॉल पकडायची आयडिया येते, तर लोक प्रोसेस-बाइंडिंगने थेट नोडच्या आतल्या कोडला हात घालून त्याच्या खालून जातात. म्हणून कोड कसा दिसतो ते सोडा, प्रोसेस काय करतेय ते बघा, आणि तेही कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या बाजूने.

लिनक्सवर नोडला एस-ट्रेस (प्रोसेसने कर्नलला केलेले कॉल दाखवणारं टूल) लावा, चाइल्ड प्रोसेससकट, फक्त नवीन प्रोग्राम सुरू करणारा एक्झेक-व्हीई कॉल पकडा, आणि एस्केप करून 'आयडी' कमांड चालवा. नोडमधून आधी शेल, मग आयडी सुरू झालेला दिसेल. प्रॉडक्शनमध्ये हेच काम सिस्टिमवर नजर ठेवणारं ऑडिट-डी किंवा फाल्को करतं, नोडच्या पोटातून शेल निघाला की अलर्ट. पण मुख्य ॲपच जर व्हिडिओसाठी एफएफएमपेग नाहीतर पीडीएफसाठी क्रोम चालवत असेल तर अलर्ट दिवसभर वाजणार आणि आठवड्याभरात कोणी त्याच्याकडे ढुंकून बघणार नाही. तेव्हा युजरचा कोड चालवणारा वर्कर वेगळ्या कंटेनरमध्ये ठेवा, ज्याने नवीन प्रोसेस कधीच सुरू करायची नाही. तिथे एक जरी एक्झेक-व्हीई दिसला तरी तो गुन्हाच.

शेल न उघडताही काम होतं हे मात्र लक्षात ठेवा, हुशार माणूस एन्व्हायर्नमेंटमधल्या गुप्त की (पासवर्डसारख्या किल्ल्या) वाचतो आणि गुपचूप बाहेर पाठवतो. म्हणून वर्करमध्ये खऱ्या की ठेवूच नका, एक खोटी ठेवा, ती कुठेही वापरली गेली की अलर्ट. बाहेरचं नेटवर्क बंद, आणि १६९.२५४.१६९.२५४ या क्लाउड मेटाडेटा पत्त्याकडे कनेक्शनचा प्रयत्न झाला तर लगेच फोन वाजला पाहिजे.

नोड २० पासून परमिशन मॉडेल आहे, म्हणजे फाइल, नवीन प्रोसेस वगैरेंवर परवानगीचं बंधन घालता येतं, मुद्दाम वाईट हेतूने लिहिलेल्या कोडपासून त्याची गॅरंटी नाही असं नोडवालेच सांगतात, तरी वर्करला लावा, कारण त्यातून येणारी 'ॲक्सेस डिनाइड' एरर लॉगमध्ये फुकटचा सिग्नल आहे. आणि आयसोलेटेड-व्हीएम वापरलं म्हणजे सुटलो असंही नाही, त्याचा रेफरन्स ऑब्जेक्ट (बाहेरच्या गोष्टीकडे बोट दाखवणारा) चुकून आत सोडला तर तिथूनही बाहेर येता येतं, कोड रिव्ह्यू करताना मी पहिलं तेच शोधतो.