सी भाषेतील हेडर फाइल कोणत्याही कंपायलरवर चालावी यासाठी

हेडर फाइलची, म्हणजे इतर फाइलींत समाविष्ट होणाऱ्या घोषणांच्या फाइलची, तपासणी डेटाच्या प्रकारांपासून सुरू करावी, कारण इथली चूक कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) सहसा दाखवत नाही. ६४ बिटांच्या लिनक्सवर 'लाँग' हा पूर्णांकाचा प्रकार ८ बाइटांचा असतो, तर ६४ बिटांच्या विंडोजवर तो ४ बाइटांचाच राहतो. त्यामुळे एक 'लाँग' आणि त्यापाठोपाठ एक 'इंट' एवढेच असलेले स्ट्रक्चर (एकत्र ठेवलेल्या घटकांचा गट) पहिल्या ठिकाणी, शेवटी सोडलेल्या ४ रिकाम्या बाइटांच्या भरतीसह, १६ बाइटांचे होते आणि दुसऱ्या ठिकाणी ८ बाइटांचे. हे स्ट्रक्चर जसेच्या तसे फाइलमध्ये लिहून दुसरीकडे वाचले, की आकडे चुकतात आणि दोष मात्र वाचणाऱ्या कोडमध्ये शोधला जातो. म्हणून जिथे आकार महत्त्वाचा आहे, तिथे सी९९ पासून प्रमाणित असलेली 'स्टडइंट डॉट एच' घेऊन 'इंट३२_टी' किंवा 'इंट६४_टी' वापरावे. व्हिज्युअल सी++ मध्ये ही हेडर २०१० च्या आवृत्तीपासून आहे, त्यामुळे ती टाळण्याचे कारण आता उरलेले नाही.

फंक्शन डीएलएलबाहेर, म्हणजे सामायिक लायब्ररीच्या फाइलबाहेर, उपलब्ध करून देण्यासाठी मायक्रोसॉफ्टचा कंपायलर 'डेक्लस्पेक' वापरतो, तर जीसीसी आणि क्लँग हे कंपायलर 'ॲट्रिब्यूट'. हे शब्द प्रत्येक घोषणेत विखरून न टाकता एकाच छोट्या हेडरमध्ये आपल्या लायब्ररीच्या नावाने सुरू होणारा मॅक्रो (कंपाइल होण्याआधी ठरलेल्या मजकुराने बदलले जाणारे नाव) करावा आणि अनोळखी कंपायलरसाठी तो रिकामा ठेवावा. कंपायलर ओळखताना सावध राहावे: क्लँग स्वतःला जीसीसी ४.२.१ म्हणवून घेतो, त्यामुळे आवृत्तीच्या आकड्यावर विसंबल्यास अंदाज फसतो. शक्य तिथे कंपायलर कोणता हे न विचारता हवी ती सुविधा आहे का, हे 'हॅज ॲट्रिब्यूट'सारख्या मॅक्रोने विचारावे. मात्र तो मॅक्रोच नसेल तर काय, याचीही सोय आधी करावी.

इन्क्लूड गार्डच्या, म्हणजे हेडर दोनदा समाविष्ट झाली तरी तिचा मजकूर एकदाच घेतला जावा यासाठीच्या मॅक्रोच्या, नावाची सुरुवात अंडरस्कोअर आणि त्यापुढे मोठे अक्षर अशी करू नये, कारण ती नावे प्रमाणानुसार कंपायलर आणि त्याच्या लायब्ररीसाठी राखीव आहेत. जुन्या कोडमध्ये हा दोष जागोजागी आढळतो. तेच काम करणारे 'प्रॅग्मा वन्स' बहुतेक कंपायलरांना कळते, पण ते प्रमाणात नाही, म्हणून मी गार्डच पसंत करतो.

सी++ मधून वापर होणार असेल, तर ही फंक्शने सी ची आहेत हे सांगणारे 'एक्स्टर्न "सी"' घोषणांभोवती घालावे, परंतु ते फक्त सी++ कंपायलरमध्ये असणाऱ्या मॅक्रोची अट लावूनच, कारण सी कंपायलर ते स्वीकारत नाही. पॅरामीटरला 'न्यू' किंवा 'क्लास' असे नावही देऊ नये. सी मध्ये ते चालते, पण सी++ मध्ये ते राखीव शब्द असल्याने तिथेच अडते.

शेवटी एक रिकामी सी फाइल घेऊन तिच्यात फक्त आपली हेडर दोनदा समाविष्ट करावी आणि ती जीसीसी व क्लँगवर प्रमाणाबाहेरच्या गोष्टींबद्दल इशारा देणाऱ्या 'पेडँटिक' पर्यायासह सी९९ म्हणून, तसेच व्हिज्युअल सी++ वर कंपाइल करावी. आधी दुसरी कोणती हेडर घेतली नाही म्हणून ती अडली, तर राहून गेलेले इन्क्लूड लगेच कळते, आणि ओळ दोनदा असल्याने गार्डचीही परीक्षा होते. त्यानंतर तीच फाइल सी++ म्हणून कंपाइल करून पाहावी.