पिचरला मेजर लीगचं बोलावणं कधी येणार, हे कसं ओळखावं

अमेरिकन बेसबॉलमध्ये मेजर लीगच्या लगेच खालची पायरी म्हणजे ट्रिपल-ए. तिथल्या एखाद्या तरुण पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) ईआरए, म्हणजे नऊ इनिंग्जमागे त्याच्या खात्यावर लागलेल्या धावांची सरासरी, दोनच्या खाली गेला, की लोक विचारू लागतात, "याला अजून वर का नेत नाहीत?" मी ईआरए सगळ्यात शेवटी बघतो. आधी बघायचा तो ४०-मॅन रोस्टर, म्हणजे क्लबच्या चाळीस खेळाडूंची यादी.

मेजर लीगच्या सामन्यासाठी त्या चाळिसातले २६ जण असतात, सप्टेंबरमध्ये २८. सव्विसात पिचर जास्तीत जास्त १३. आपला पोरगा आधीच चाळिसात असेल तर काम सोपं: एकाला खाली धाडलं की याला वर घेता येतं. नसेल तर कुणाला तरी चाळिसातून काढावं लागतं किंवा ६० दिवसांच्या इंज्युरी लिस्टवर टाकावं लागतं. म्हणून वरच्या संघातल्या कुणाच्या कोपराच्या ऑपरेशनची बातमी आली, की मी लगेच ट्रिपल-ए संघाचं वेळापत्रक उघडतो. दुसऱ्याच्या दुखण्यावर असा डोळा ठेवणं बरं दिसत नाही, पण जागा बहुतेक वेळा अशाच होतात.

मग कॅलेंडर. सर्व्हिस टाइमचं, म्हणजे मेजर लीगमध्ये काढलेल्या दिवसांचं, एक वर्ष १७२ दिवसांनी भरतं, आणि सीझन त्याहून साधारण दोन आठवड्यांनी लांब असतो. तेवढे दिवस पोराला खाली ठेवलं, की त्याची फ्री एजन्सी (कुठल्याही क्लबशी करार करायची मोकळीक) एक वर्ष पुढे ढकलली जाते. क्लब हे कधी कबूल करत नाही. "चेंजअपवर (फसव्या संथ चेंडूवर) अजून काम हवंय" एवढंच ऐकायला मिळतं. एप्रिलच्या मध्यानंतर चेंजअप अचानक सुधारला, तर नवल वाटून घेऊ नका. लीग आणि खेळाडूंच्या युनियनमधल्या २०२२च्या करारानं यावर थोडा उतारा काढला: रूकी ऑफ द इयर, म्हणजे सर्वोत्तम नवोदिताच्या पुरस्काराच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्याला सर्व्हिस टाइमचं पूर्ण वर्ष मिळतं. पिचर पॉल स्कीन्स ११ मे २०२४ला पायरेट्सकडून पहिल्यांदा खेळला, तो पुरस्कार जिंकला आणि उशिरा येऊनही त्याचं वर्ष भरलं.

स्कीन्सचंच उदाहरण पुढे नेतो, कारण तयारी कशी वाचायची ते त्यात नीट दिसतं. पायरेट्सच्या ट्रिपल-ए संघात, इंडियानापोलिसला त्याचा ईआरए होता ०.९९, २७.१ (म्हणजे सत्तावीस आणि एक-तृतीयांश) इनिंग्जमध्ये ४५ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज). पण सुरुवातीला त्याला तीन-चार इनिंग्जपुढे जाऊ देत नव्हते. अशा वेळी मोजायचे ते टाकलेले चेंडू. आकडा दर वेळी थोडा चढत ऐंशी-नव्वदपर्यंत गेला, की पोराला स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) म्हणून तयार करतायत. उलट नेहमीचा स्टार्टर अचानक सातव्या इनिंगला बुलपेनमधून (राखीव पिचरांच्या जागेतून) आला, तर त्याला वर रिलीव्हर, म्हणजे मधे बदली येणारा पिचर, म्हणून न्यायचा विचार असू शकतो. २००८च्या सप्टेंबरमध्ये डेव्हिड प्राइसला रेज संघानं वर आणलं, आणि ऑक्टोबरमध्ये एएलसीएसच्या (अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेच्या) सातव्या सामन्याचे शेवटचे आउट त्यानंच काढले.

आकड्यांत मी वॉक (चार खराब चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळणारा बेस) बघतो आणि पाचव्या इनिंगला फास्टबॉलचा वेग किती उतरतो ते बघतो. ट्रिपल-एचा स्टॅटकास्ट (चेंडूचा वेग वगैरे मोजणारी यंत्रणा) डेटा आता सगळ्यांना खुला आहे, त्यामुळे यात अंदाजपंचे काही नाही. ट्रिपल-एच्या पॅसिफिक कोस्ट लीगमधला ईआरए मात्र सैल हातानं मोजावा. आल्बुकर्की किंवा रिनोच्या उंचीवर चेंडू उडतच राहतो. आणि ट्रिपल-ए लागतंच असंही नाही: एउरी पेरेझला मार्लिन्सनी २०२३मध्ये थेट डबल-ए या त्याखालच्या पायरीवरून उचललं.

शेवटच्या दोन-तीन दिवसांत स्टार्टरच्या पिचिंगच्या पाळीवर लक्ष ठेवा. ट्रिपल-एची मालिका मंगळवार ते रविवार, सोमवारी सुट्टी. वरच्या संघात स्टार्टरची जागा शुक्रवारी रिकामी आहे आणि आपल्या पोराची पाळीही त्याच सुमाराला येतेय, तर अंदाज बांधायला हरकत नाही. दुखापत नसताना त्याचं नाव ऐनवेळी सामन्यातून वगळलं, किंवा एका इनिंगनंतरच त्याला बसवलं, तर वरच्या सामन्यासाठी त्याचा हात ताजा ठेवतायत असं समजा; याहून चांगली खूण मला माहीत नाही.

पदार्पणानंतर दुसऱ्याच दिवशी ऑप्शन करून (चाळिसातच ठेवून) खाली परत पाठवलं, तरी हिरमुसू नका. पिचरला किमान १५ दिवस खाली राहावं लागतं. वर कुणी जखमी झाला आणि त्याची जागा भरायची असेल, तरच त्याआधी आणता येतं. तारीख लिहून ठेवा आणि सोळाव्या दिवशी वरच्या संघात कुणाची पाळी आहे ते पाहा.